उशिरा हसणारी बाई

मिशन हॉस्पिटलातली गोरी डॉक्टरीणबाई
कायमची मायदेशी निघाली,
तेव्हा जाताना तिनं आईला दोन वस्तू दिल्या:
एक लोकरीचा स्वेटर, जो मिरजेत कुणी कधी घातला नाही,
आणि एक व्हिडिओ कॅसेट.
व्हीसीआर आम्ही भाड्यानं आणायचो, शनिवारी,
सायकलच्या कॅरियरला सुतळीनं बांधून.

सातच भाग.
विलायतेतल्या कुठल्याशा स्टेशनावर
हरवलेल्या सामानाचं ऑफिस.
हेडक्लार्क टायची गाठ सारखी करतो,
मदतनीस चहा करतो,
आणि दर भागात एक म्हातारा छत्री मागायला येतो.
छत्र्या साठ आहेत. त्याची तेवढी नाही.
पुढं काही होत नाही.
कुणाचं लग्न लागत नाही, बढती तर नाहीच,
सातव्या भागातही म्हातारा भिजतच परत जातो.

पप्पा जंक्शनवर पार्सल क्लार्क.
म्हणायचे, अगं, ह्याचा टाय तेवढा काढ,
हुबेहूब आमचा बेडकिहाळे!

इंग्रजी कळणारी आई एकटी.
वाक्य ऐकायची, मान तिरकी करायची,
मग मराठीत सांगायची, थोडं पदरचं घालून.
तोवर तिकडची माणसं हसून मोकळी झालेली.
आमचं हसू कायम एक वाक्य लेट,
कोल्हापूर पॅसेंजरसारखं.

रमजानचाचा मात्र थांबायचे नाहीत.
सतारी करायचे. इंग्रजीचं अक्षर ठाऊक नाही.
पण हेडक्लार्कनं नुसता फोन खाली ठेवला
की चाचा गुडघ्यावर थाप मारून हसायचे,
आईच्या आधी,
कधी कधी तर तिकडच्यांच्याही आधी.
विचारलं तर म्हणायचे,
घोडीवर तार टेकते कुठं नि सुटते कुठं,
त्या केसभर जागेत सगळं असतंय.
हा माणूस जवारी लावून बोलतोय.
शब्द काय करायचेत?

चौथा भाग.
मदतनीस चुकून हेडक्लार्कचीच छत्री म्हाताऱ्याला देऊन टाकतो,
आणि साहेब मागायला आल्यावर फॉर्म पुढं करतो:
“दोन साक्षीदार लागतील, साहेब. कोरडे.”
सगळे हसतात. हसणं ओसरतं.
आणि मग, पार मागून, एक बाई हसते.
एकटीच. उचकी लागल्यासारखी.
नेमकं तेव्हाच आईचं मराठी पुरं व्हायचं,
म्हणजे ती बाई आणि आम्ही
बरोबर एकदम.
पप्पा म्हणायचे, तिच्या शेजारी पण
कुणीतरी मिरजेचं बसलंय, सांगायला.

कॅसेटला बुरशी आली.
चाचा गेले, अर्धी घासलेली घोडी तशीच ठेवून.
पप्पांना नऊ वर्षं झाली.
त्या दिवशी तिकडं हसलेली माणसंही
आता बहुतेक नसतील.
हसणं तेवढं राहिलंय, भाडं न भरता.

परवा भाच्यानं, एलियानं, फोनवर सातही भाग काढून दिले.
म्हणाला, मामा, चित्र धुऊन काढलंय, आवाजपण.
खरंच. टायवरची बारीक नक्षी पहिल्यांदाच दिसली.
चौथा भाग लागला. सगळे हसले. हसणं ओसरलं.
मी वाट बघत राहिलो.
मागून कुणीच नाही.
साफ करताना कुणीतरी तिलाही पुसलं होतं,
खोकल्यांबरोबर, खुर्च्यांच्या करकरीबरोबर.

आई ब्याऐंशीची. कानाचं यंत्र ड्रॉवरमध्ये,
शिट्टी मारतं म्हणून लावत नाही.
मी तिच्या डाव्या कानाशी वाकून ओरडलो:
“दोन साक्षीदार लागतील, साहेब! कोरडे!”
शेजारचं कुत्रं भुंकलं.
आई माझ्या तोंडाकडं बघत राहिली.
पडद्यावर प्रसंग कधीच पुढं सरकलेला,
हेडक्लार्क खिडकीतून पाऊस बघत होता,
तेव्हा ती हसली.
एकटीच. उचकी लागल्यासारखी.

मग डोळे पुसत म्हणाली,
अरे, ते ‘कोरडे’ त्यात नाहीच.
ते मी घातलं होतं.