गुडघे

पहाटे चारला मी होडी सोडली तेव्हा
ऑव्हिडमामा धक्क्यावर उभा होता,
अर्धा भार काठीवर, अर्धा कॉफीच्या कपावर.
म्हणाला, दॉरीन, पाणी कालच्यापेक्षा चार बोटं चढलंय.
अंधारात खांबाला हात लावून सांगितलं त्यानं.
वरच्या अंगाला कुठं पाऊस झाला
की अचाफलायाला तीन दिवसांनी कळतं,
मामाच्या गुडघ्याला त्याआधी.
तो गुडघा उन्हाळ्यात काढला. आता तिथं पोलाद आहे.
म्हणून यंदा मी.

इथं झाडांनाही गुडघे असतात.
सायप्रसची मुळं, पाण्यातून वर आलेली,
गुळगुळीत माथ्यांची,
जणू पाण्याखाली कुणी पाय दुमडून बसलंय.
जी वर आलेली नाहीत
ती नडगीला भेटतात.

मामानं दिलेली वाट अशी:
वाकड्या ट्युपेलोला होडी बांध.
पुढं खोडांत ठोकलेल्या चमकत्या टाचण्या,
एकीपाशी उभं राहिलं की दुसरी दिसते.
सातवी नाही. ती पडली, नाहीतर झाडच पडलं.
तिथं मनानं जा.

काठी आधी, मग पाय, मग वजन.
छातीपर्यंत रबर, रबराबाहेर थंडी,
आत घाम.
बंदूक डोक्यावर, कळशीसारखी.
सातव्या टाचणीच्या जागी मनानं गेले
आणि डावीकडं एक हिरवा ठिपका चमकला.
तिकडं वळले. ठिपका हलला.
कोळी होता. बॅटरीच्या उजेडात कोळ्याचे डोळे
टाचणीइतकेच खात्रीचे दिसतात.
चाळीस पावलं मी एका कोळ्याच्या मागं गेले,
हे मामाला सांगणार नाही.

मचाणाच्या शिडीला सोळा पायऱ्या.
मोजल्या, तेरा भरल्या.
तीन पाण्यात. त्या पायानं शोधायच्या,
झोपेत चप्पल शोधावी तशा.
वर चढून आधी पट्टा झाडाला, मग श्वास,
मग दोरीनं रिकामी बंदूक वर ओढली,
तेव्हा कुठं गोळी.
बसायच्या फळीवर चाकूच्या अकरा रेघा,
त्यातली एक मागाहून खोडलेली.
ती त्यानं कधी सांगितली नाही. मीही विचारली नाही.

उजाडायला वेळ लागतो इथं.
आधी पाणी उजळतं, मग झाडांची खालची बाजू,
आभाळ सगळ्यात शेवटी.

आणि मग तो आवाज.
डुबुक. थांबणं. डुबुक.
एक पाय जपून, दुसरा अजून जपून.
कोरड्या रानात हरीण हरणासारखं वाजतं,
पाण्यात ते वाजतं माणसासारखं,
म्हाताऱ्या, दुखऱ्या माणसासारखं,
ज्याला सांगूनही घरी बसवत नाही.
चापावरचं बोट मी काढलं
आणि हळूच म्हटलं, मामा?

ट्युपेलोमागून आठ टोकांची शिंगं वर झाली.
गुडघाभर पाण्यात तो उभा,
ओल्या नाकातून वाफ,
माझ्याकडं बघत, नाव चुकलेल्या पाहुण्यासारखा.
मग उडी. मग नुसत्या लाटा,
एकेका झाडाला लागत गेलेल्या.

परतले तेव्हा ऊन आलं होतं.
रिकामी होडी बघून मामा काही बोलला नाही.
मीच म्हटलं, तेरा पायऱ्या. मग म्हटलं,
आला होता. मी तुला हाक मारली.

बराच वेळ तो दोरीची गाठ सोडत राहिला.
म्हणाला, हरणाचा केस आतून पोकळ असतो,
मेलं तरी तरंगतं, लहान पोरगंही ओढून आणेल.
मी असतो तर बुडालो असतो,
आणि कपानं पोलादावर टकटक केलं.

पण त्याची विजार गुडघ्याच्या वर
चार बोटं ओली होती,
आणि बुटात चिखल, धक्क्यावर नसतो तसला काळा.
पाणी मोजत होतो, तो म्हणाला.
मी कॉफी मागितली.