एकटीचा जादा आकार

नियम साधा आहे, लोरेन म्हणाली,
स्टॉकपोर्टच्या हेड ऑफिसातून, तोंडातलं बिस्कीट चघळत.
तुझ्या कोडवरून कुणी एजंट झालं
म्हणून लगेच काही मिळत नाही.
तिनं पहिलं बुकिंग करायचं, किमान आठशे पौंडांचं,
आणि गिऱ्हाईक खरोखर निघायला हवं.
निघालं, की पंचाहत्तर तुझे.
रद्द झालं, तर काही नाही.
आणि हो, एजंटचा स्वतःचा प्रवास धरत नाहीत.

माझे बाबा बार्शीला भुसार अडत्या.
रुमालाखाली बोटं धरून भाव ठरायचा.
दलालीची लाज आमच्या घरात कधीच नव्हती.
तरी स्विंडनमध्ये, पोरींच्या पोहण्याच्या क्लासला,
क्लोरीनच्या वासात, ओल्या बाकावर बसून
हेमांगीला ती लिंक पाठवताना
मला एक रुमाल हवासा वाटला.

घरबसल्या होतं ना, तिनं विचारलं.
मग विचारलं, पैसे कुठल्या खात्यात येतात?
तू सांगशील त्या, मी म्हटलं.
पाण्यात हात मारणाऱ्या पोरींकडे
ती बराच वेळ बघत राहिली.
मी सांगेन त्या, म्हणाली.
प्रश्न नव्हता तो.

तीन महिने काही नाही.
ओळखीच्या सगळ्यांनी तिला भाव विचारले
आणि रात्री स्वतःच बुक केलं.
तुझी टीम झोपली आहे का, लोरेनचा ईमेल.
माझी टीम म्हणजे एकटी हेमांगी.

मग फेब्रुवारीत स्क्रीनवर एक ओळ उगवली.
बर्गेनहून वर उत्तरेला जाणारं जहाज, अकरा रात्री,
आतली केबिन, प्रवासी एक.
एकटीचा जादा आकार: तीनशे चाळीस.
नाव: हेमांगी साबळे.

कर्णिकांची हेमांगी पासपोर्टवर अजून साबळेच.
बदलायचं राहून गेलं होतं, की राखून ठेवलं होतं,
मी विचारलं नाही.
सिस्टीमला वाटलं, ही कुणी वेगळी बाई.
सिस्टीमचं फार चुकलं असंही नाही.

लोरेनला सांगायला हवं होतं. नाही सांगितलं.
रोज सकाळी डबे भरायच्या आधी
मी ती ओळ उघडून बघायचे.
कन्फर्म्ड.
कन्फर्म्ड.
टेस्कोत कर्णिक भेटला.
काय खूळ घातलंत हो तिच्या डोक्यात, म्हणाला,
हसत, पण ट्रॉली आडवी लावून.
त्या रात्री ओळ तीनदा उघडली.
रद्द होईल या भीतीत हेमांगीचा वाटा किती
आणि पंचाहत्तरांचा किती,
बाबांच्या पोरीला अजून हिशेब लागलेला नाही.

नऊ मार्चला शब्द बदलला: डिपार्टेड.
इंग्रजीत तो मेलेल्या माणसालाही लावतात.
मी ओट्याशी उभ्या उभ्या टाळी वाजवली.

पैसे आठवड्यात आले
आणि त्याच दिवशी बॉयलरवाल्याकडे गेले.
त्याचं बिल नव्वद झालं होतं, वरचे पंधरा माझे.

परत तोच बाक, तोच वास.
हेमांगीच्या नाकाचा शेंडा सोललेला.
केबिनला खिडकी नव्हती, म्हणून दिवसभर डेकवरच होते गं.
मी विचारलं, त्या जादा आकारात काय मिळतं?
दुसरी गादी, ती म्हणाली.
तिच्यावर मी माझे कपडे पसरून ठेवायचे.
घड्या न घालता.

मग एकदम: तुझा बोनस आला?

अजून नाही, मी म्हटलं.
नव्वद दिवस लागतात.

आला की सांग हं, ती म्हणाली,
आणि पाण्यातून आलेल्या पोरीचे केस पुसायला
टॉवेल घेऊन उठली.