बंद पाकीट

तेहतीस वर्षं मी कोलंबसच्या उत्तर भागात टपाल वाटलं,
आणि तेहतीस वर्षं तिथल्या कुत्र्यांनी माझा राग राग केला.
डाव्या पोटरीवर अजून चार दात उमटलेले आहेत
एका डॅशहुंडचे. उंची माझ्या बुटाएवढी.

त्यामुळे निवृत्त झाल्यावर मी डॉटीला घरी आणली
तेव्हा नोरीन असती तर पोट धरून हसली असती.

डॉटी शर्यतीची. फ्लोरिडात एकशे बारा वेळा धावलेली,
नऊदा जिंकलेली,
आणि जिना म्हणजे काय हे ठाऊक नसलेली.
कानात हिरव्या शाईनं गोंदलेला आकडा.
जिना मी शिकवला, बोटाला शेंगदाण्याचं लोणी लावून,
एक पायरी, एक पाय,
पुन्हा पहिल्यापासून.

तिसऱ्या हिवाळ्यात पुढचा उजवा पाय सुजला. हाडाचा कर्करोग.
"पाय काढू," डॉक्टर प्रेंटिस म्हणाली,
"आणि नंतर एक चाचणी आहे, तयारी असेल तर."
कोणाची तयारी, ते तिनं सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

संमतीपत्र अकरा पानांचं होतं. सगळं वाचलं.
मालक कधीही, कारण न देता, माघार घेऊ शकतो.
कुत्र्याविषयी तसं कलम नव्हतं.
खोटं कशाला बोलू, सही केली ती पैशांसाठी.
केमोचा खर्च विद्यापीठ उचलणार होतं
आणि माझी पेन्शन टपालखात्याची.

डॉटीला नवा आकडा मिळाला. सतरा.
दर तीन आठवड्यांनी एक सुई,
आत औषध, नाहीतर मिठाचं पाणी.
मला माहीत नाही, डॉक्टरला माहीत नाही,
सुई टोचताना तिच्याशी स्पॅनिशमध्ये बोलणाऱ्या मारिसेललाही नाही.
तळमजल्यावरच्या एका औषधवाल्याला तेवढं ठाऊक,
आणि त्यानं डॉटीला कधी पाहिलेलं नाही.

हे मला चटकन समजलं.
मी दुसरं काय केलं होतं जन्मभर?
जप्तीची नोटीस, वाढदिवसाचे वीस डॉलर,
खांद्यावरच्या पिशवीत दोन्ही सारखीच.

बाहेरच्या बाकावर मात्र सगळे पाकीट उजेडाला धरून बघायचे.
"तुमच्याला उलट्या होतात?" ल्युडमिला विचारायची,
मांडीवर पिंजरा, पिंजऱ्यात जबडा सुजलेला बोका.
"होत असतील तर खरं औषध."
त्याच आठवड्यात डॉटी ट्रकच्या सीटवर ओकली.
मी रस्त्याच्या कडेला गाडी थांबवली
आणि म्हाताऱ्या माणसाला शोभणार नाही असा ओरडलो, आनंदानं.
पुसताना हाताला लोकरीचे धागे लागले. तिकडे लक्ष दिलं नाही.

चौदा महिने मिळाले. तीन पायांवर जिना ती माझ्याआधी चढायची.
नंतर छातीच्या फोटोत डाग दिसले,
नंतर एप्रिल.

पत्र आलं सप्टेंबरात. पातळ पाकीट.
पायरीवर बसून उघडलं.
क्रमांक सतरा: मिठाचं पाणी.

म्हणजे ती उलटी माझ्या मोज्याची होती.
म्हणजे चौदा महिने दिले ते कापलेल्या पायानं, जुन्याच केमोनं,
किंवा तिनं, तिच्या मर्जीनं.
ज्यांना औषध मिळालं ती कुत्री थोडी जास्त जगली, असं लिहिलं होतं.
जास्त म्हणजे कुणापेक्षा?
डॉटीपेक्षा.
कुणीतरी पुढे गेलंय हे दिसावं
म्हणून एकशे तेरावी शर्यत ती मागून धावली होती.
राग यायला हवा होता. आला, थोडा वेळ.
मग फ्रिजवर तिच्या फोटोशेजारी पत्र लावलं,
चुंबक नीट धरेना, पुन्हा लावलं.

पत्र सहीचं होतं, हातात द्यायचं.
नवा पोरगा आहे आमच्या रस्त्यावर, निळा शर्ट अजून कडक.
दाराबाहेरूनच विचारत होता, "कुत्रं आहे का घरात?"
"आहे," मी म्हणालो, सवयीनं,
आणि तो दोन पावलं मागे सरला.