दोन दोरांच्या मधे

धाकूआपाच्या डोळ्यांवर सारा आला
आणि बावीस घरांची रापण माझ्याकडे आली.
शिट्टी दिली नाही कुणी, खुर्ची तर नाहीच.
निवतीच्या वाळूवर उभं राहून म्हणाले,
‘उद्यापासून तू सांग.’

मी सांगू लागलो.
सांगतच सुटलो.
दक्षिणेचा दोर मागे पडला की ओरड,
उत्तरेचा पुढे आला की ओरड,
होडी वळली की ओरड,
नाही वळली तर त्याहून मोठ्याने.
वाटायचं, आवाज लाटेच्या वर गेला
की झाला माणूस तांडेल.

त्या पहाटे कायतान म्हणाला होता,
‘पाणी आज दक्षिणेक वडता, थांबया जरा.’
हळूच म्हणाला, पण सगळ्यांसमोर.
मला ऐकू आलं ते फक्त सगळ्यांसमोर.
मी होडी लोटायला लावली.

जाळं खडकात गेलं.
कापून ओढलं तेव्हा पाऊणच आलं वर,
पोटात एक कुर्ली,
नांग्या उगारून उभी. माझ्यासारखी.
‘खडक सरकलाय,’ मी म्हणालो.
खडक!
पणजोबांनी ज्याच्या खुणेवर होड्या वळवल्या तो.
कुणी हसलंसुद्धा नाही.

रात्री मुलीची गेल्या वर्षीची गणिताची वही
मागून उलटी उघडली.
पुढून तिचे गुणाकार, मागून माझे दिवस.
‘आज एकवीस वेळा ओरडलो. कामाचं दोनदा.’
‘कायतानचं नाव घेतलं नाही. त्यानेही माझं.’
‘धाकूआपा ओरडायचे का? आठवत नाही.’
या तिसऱ्या ओळीपाशी बसून राहिलो.
बाहेर समुद्रातल्या दिव्याची उघडझाप,
अंधाराला काहीही न सांगता.

आपा उंडीखाली बसलेले, बोटांनी चाचपत
फाटकं जाळं शिवत.
विचारलं तर म्हणाले,
‘वडणाऱ्याचे हात बघू नको, टाचो बघ.
हात खोटा बोलतत.’
मग बराच वेळ काहीच नाही, आणि एकदम,
‘माका येक बांगडो भाजून हाड.’

तेव्हापासून मी टाचा बघतो.
कुणाची वाळूत रुतते, कुणाची नुसती टेकते,
दाजी मोलमची डावी वाकडी पडते,
गेल्या मिरगापासून, आणि आम्ही त्याला
आळशी म्हणत आलो.

राहिलं ते एक वाक्य.
विहिरीत म्हणून बघितलं, विहिरीने परत केलं.
कोंबड्यांना सांगितलं, त्या दाणे टिपत राहिल्या.
दर वेळी तोंडात यायचं, ‘चूक झाली.’
झाली म्हणजे कशी? ओंडक्यासारखी
आपली आपण वाहत आली किनाऱ्याला?
‘मी केली’ जिभेवर यायला
अकरा दिवस लागले.

बाराव्या दिवशी, सगळे जाळं शिवत असताना,
बोललो. घसा कोरडा, आवाज भलत्याच कुणाचा.
कुणी मान वर केली नाही.
माडावरून एक झावळी पडली, तिच्याकडे सगळ्यांनी पाहिलं.
मग कायतानने सुई पुढे केली,
दोरा भरून ठेवलेली.
मी त्याच्या शेजारचं भोक धरलं.

आज पुन्हा टाकली रापण.
आधी विचारलं, ‘कायतान, पाणी खंय वडता?’
त्याने गुडघाभर आत जाऊन पाण्याला वेळ दिला,
आणि मला तेवढा वेळ गप्प राहणं
दोर ओढण्यापेक्षा जड गेलं.
नंतर दक्षिणेच्या दोरावर तिसरा उभा राहिलो,
दाजीच्या मागे, त्याच्या वाकड्या टाचेच्या चालीने.

दीड टोपली पेडवे.
बावीस वाटे केले तर मूठमूठ.
जाळ्याचं कर्ज अजून तसंच.

रात्री वहीत लिहिलं,
‘आज चार वेळा ओरडलो.’
सकाळी बघतो तर खाली पेन्सिलीने,
गुणाकाराच्या त्याच टोकदार अक्षरात,
‘चार नाय बाबा, सहा.
मी मोजलंय.’