आडव्या डोलकाठ्या

मागच्या रांगेतल्या गलबतांच्या डोलकाठ्या
जेनोआवाल्यांनी आडव्या निजवून ठेवल्या होत्या.
इतकंच.
लांबून वाटल्या पाण्याची पिंपं वाहणाऱ्या होड्या.
आमच्यांनी त्या मोजल्याच नाहीत.

तेदीचोला तसंही मोजता येत नसे.
तो फळ्यांच्या फटींत ताग ठोसायचा, वरून डांबर.
बोटं बारा महिने काळी,
मोडलेल्या पावालाही डांबराचा वास.
वल्ह्यावर माणसं कमी पडली, त्यालाही बसवलं:
डावी बाजू, तिसरा बाक.

निघताना आर्नोच्या पुलावर आशीर्वाद चालू होता
आणि काठीवरचा चांदीचा क्रूस निखळून नदीत पडला.
सगळे गप्प.
मग कुणीतरी ओरडलं,
देव घ्या तुम्हाला, जेनोआवाल्यांनो, आम्हाला वारा पुरे!
पूल हसला. मीही हसले.
ते हसू अजून दातांत अडकलंय
माशाच्या काट्यासारखं.

संत सिक्स्तुसचा सण. आमचा जिंकायचा दिवस.
मी आठ माणसांचे चणे भिजत घातले होते.
तिसऱ्या दिवशी त्यांना मोड आले,
पाचव्या दिवशी वास.

परत आला तो बेनेनातो. चुन्याने डोळे गेलेले,
म्हणून शेवटचं दिसलेलं तेच तो सांगत बसतो:
काठ्या उठल्या, गिस्ला.
एकामागून एक.
पाण्यात रान उगवावं तशा.

मेलोरिआचे खडक जेमतेम डोकं वर काढतात,
त्यांच्यावर चार बगळे मावतील.
तिथे एक अख्खं शहर संपलं.

बाकीच्यांना त्यांनी नेलं. हजारोंनी.
ना मारलं, ना खंडणी घेऊन सोडलं.
तो मेला असता तर मी दुसरा केला असता,
पोरं झाली असती,
पोरं वल्ह्यावर बसली असती.
एवढा हिशेब कुणीतरी शांतपणे, जेवण झाल्यावर केला असणार.
समुद्रावरची लढाई एका दुपारची.
आमच्या कुशींशी ते वर्षानुवर्षं लढत राहिले.

सातव्या वर्षी मी चालत निघाले.
चेस्टनटच्या पिठाच्या दशम्या, मीठ, एक सदरा.
वाटेत जी ती खाणावळ तेच ऐकवायची:
पिसा बघायचीय? मग जा जेनोआला.
आणि पेल्यात पाणी जास्त घालायची.

वेशीवर आमच्या बंदराची साखळी टांगलेली, तुकड्यांत.
खालून जाताना मान वर करायची नाही, असं ठरवलं होतं.
केली.
कड्यांच्या सांध्यात डांबर होतं अजून.

तुरुंगाच्या भिंतीपाशी ओरिएत्ता नावाची बाई
सावलीतल्या जागेचे पैसे घ्यायची.
माझ्याकडून घेतले नाहीत.
म्हणाली, माझा धाकटा तिथेच आहे, त्या खडकांपाशी.
आम्ही जिंकलो ना, म्हणून रडायचं घरात.
मग पुढच्या बाईकडून दुप्पट घेतले.

भिंतीत हातभर रुंद झरोका.
त्यातून हात बाहेर येत. पाच-सहा एकदम.
मी काळी बोटं शोधत राहिले.
सगळे हात गोरे होते, धुतल्यासारखे,
बाळंतिणीच्या हातांसारखे.
तेदीचो, म्हटलं,
तर सगळेच हात हलले.

त्यातल्या एकात मी पाव ठेवला.
कुणाचा का असेना.
हात आत गेला.
बराच वेळ काही नाही.
मग अंधारातून कुणीतरी, जरा रागावून:
याला डांबराचा वास नाही.