पस्तीस मिनिटांची खाडी

लिफाफा मांडीवर ठेवू नकोस, यास्ना,
वारा नेईल.
माझ्या तिकिटांच्या पेटीत टाक,
उतरताना परत देते.

मला कसं कळलं?
पुएर्तो माँतच्या इस्पितळातून चिलोए बेटावर परतणारी माणसं
कठड्याशी उभी राहतात, एकमेकांपासून दोन हात लांब.
मीही उभी होते. ह्याच फेरीबोटीवर.
तेव्हा तिचा रंग हिरवा होता.

माझा एदेलमिरो चार वर्षांचा होता, तुमच्या गास्पारएवढा.
डॉक्टरांनी एक शब्द दिला, ऑटिझम,
आणि सहा महिन्यांनंतरची तारीख.
मधल्या सहा महिन्यांचं काय करायचं
ते कुणी लिहून दिलं नव्हतं.
तेवढंच सांगते. खाडी पस्तीस मिनिटांची आहे.

रडायचं असेल तर रडा.
पण त्याच्यादेखत, तो तिथे नसल्यासारखं
त्याच्याबद्दल बोलू नका.
बघत नाही म्हणजे ऐकत नाही असं नसतं.
माझी सासू दहा वर्षं त्याच्या डोक्यावरून बोलली;
अकराव्या वर्षी त्याने तिचं एक वाक्य
तिच्याच खोकल्यासकट तिला परत दिलं.
बटाटे सोलता सोलता बाईचा हात थांबला.

तू सामन माशांच्या कारखान्यात रात्रपाळी केलीस
म्हणून हे झालं, असं कुणीतरी म्हणेल.
तुझ्या रात्रपाळीने घरावर पत्रे चढले.
दुसरं काही झालं नाही.

आणि रुपेर्तो, तो फोन खिशात घाल.
रात्री दोनला सापडलेला उपाय
कधी विकत घेऊ नकोस.
मी घेतला. एका बाटलीपायी दोन मेंढ्या गेल्या.
बाटलीत पाणी होतं. गोड.

अगं, तो आडवा झाला लोखंडावर –
उचलू नकोस! थांब.
स्वेटर धुता येतो.
बरोबर त्या पत्र्याखाली इंजिन आहे.
सरक, मीही आडवी होते,
कंबर जरा… हं.
आता तू. गाल टेकव.
येतंय? कानात नाही, दातांत येतं ते.
काय करतोयस म्हणून विचारण्याआधी
एकदा शेजारी आडवं होऊन बघायचं.
मला हे कळायला तीन वर्षं लागली.
त्या ट्रकवाल्याची लाज नको, रुपेर्तो.
त्याने ह्याच पत्र्यावर मला
किंचाळताना पाहिलंय. मुलाला नाही. मला.

उद्या काय होणार ते आदल्या रात्री चित्र काढून दाखवा.
माझी बोट पावासारखी दिसायची. चालून गेली.
कपड्यांची लेबलं कापा.
रात्री एकाने जागा, एकाने झोपा;
दोघं जागलात तर तिसऱ्या रात्री भांडाल,
आणि भांडण त्याच्या नावावर जमा होईल.

बोलेल का?
माहीत नाही.
एदेलमिरो आता बावीसचा. त्याला भरतीच्या वेळा पाठ आहेत.
'आई' क्वचित म्हणतो.
मला उशीर झाला की माझा कप उपडा घालून ठेवतो,
धूळ बसू नये म्हणून.
गेल्या मंगळवारी त्याने खिडकी फोडली.
बुधवारी आम्ही काच बसवली, लांबी त्यानेच भरली,
माझ्यापेक्षा सफाईने.
नोकरी? नाही करत.
सगळ्याच गोष्टी नोकरीपाशी संपत नाहीत.

धक्का आला. कान झाकू नकोस त्याचे,
भोंगा नाही वाजणार.
वर सुकाणूवर माझा भाऊ आहे,
अठरा वर्षं तो नुसता दिवा लावतो, दोनदा.
लोकांना वाटतं भोंगा बिघडलाय.
तो जिना चढून सख्ख्या भावाला विचारायला
मला चार महिने लागले होते.
तुम्ही लवकर विचारा. बसवाल्याला, शाळेतल्या बाईंना,
पावाच्या दुकानात.
जे नाही म्हणतील त्यांची नावं विसरून जा.
मला अजून जमलेलं नाही.

हा घे लिफाफा.
गाड्या सुरू होतायत, होऊ देत.
तो उठेपर्यंत
ट्रक थांबेल.