दोन टिंबं नसलेला बर्फ

पहिल्या फटक्यात दोनशे बारा चुका.
मी कॉफी आणायला गेले.

टोर्निओ नदीचा बर्फ कधी फुटेल ते सांगणारा प्रोग्रॅम,
ओइवा लांट्टोनं सत्त्याऐंशीच्या हिवाळ्यात लिहिलेला.
ज्या यंत्रावर तो चालायचा, ते फेब्रुवारीत
एक लांब शिट्टी घालून गेलं.
नवं यंत्र चपळ आहे, नीटनेटकं आहे,
आणि जुन्यांपैकी कुणालाच ओळखत नाही.

कॉनिओ डॉट एच? अशी फाईल नाही.
व्हारार्ग्ज? ती कधीच निवर्तली.
अ‍ॅलॉकचं बिऱ्हाड हललंय, नवा पत्ता स्टँडर्ड लिब;
तो मी सतरा फायलींच्या माथ्यावर लिहिला.
एक सांधलं की तेरा तुटत होती.
तरी सोमवारी संध्याकाळी एकोणतीस,
बुधवारी दोन.

त्यातली एक वाचून हसू आलं.
ओळ वाचणाऱ्या फंक्शनला ओइवानं
'गेटलाइन' म्हटलं होतं, साधंच,
कुत्र्याला हाक मारावी तसं.
वीसेक वर्षांनी ते नाव
साऱ्या जगाच्या लायब्ररीनं आपलं म्हणून घेतलं,
आणि आता कंपायलर ह्यालाच दरडावतोय,
तू कोण रे?
मी नाव बदललं. ओइवान रिवी.
म्हणजे ओइवाची ओळ.

उरली एक.
'या डॉट एच' सापडत नाही.
ही कुठल्या लायब्ररीची नव्हती, घरची होती.
आमच्याकडे बर्फाला 'यॅ' म्हणतात;
लिहिताना दोन अक्षरांच्या डोक्यावर दोन-दोन टिंबं.
त्या काळी यंत्रं टिंबं गिळायची.
ती गेली की मागे राहतं नुसतं 'या',
म्हणजे, 'हं, असं होय.'
फ्लॉपीत नाही. टेपवर नाही.
तळघरातल्या कपाटात ओइवाचे स्कीचे बूट,
आणि बुटांतही नाही. पाहिलं मी.

शेवटी पेल्लोच्या वृद्धाश्रमात फोन लावला.
"या…" तो म्हणाला, आणि बराच वेळ काहीच नाही.
मग: "रंग कसा आहे बर्फाचा?"
म्हटलं, मी ऑफिसात आहे.
"खिडकी नाही का तिथं?"

त्या फाईलमध्ये एकच आकडा होता.
दर एप्रिलात तो नदीवर जायचा, भोक पाडायचा,
हात घालून चाचपायचा, वरचा पांढरा सोडून
खालचा काळा बर्फ किती जाड आहे ते मोजायचा,
आणि घरी येऊन, बोटांत ऊब परतली की,
जुना आकडा पुसून नवा टाइप करायचा.
"जपून काय ठेवणार, बाई?
गेल्या वर्षीचा बर्फ?"

शनिवारी आर्मास निस्कालाचा गिरमिट मागितला.
गिरमिटाबरोबर आर्मासही आला.
पांढरा बावीस, काळा एक्केचाळीस.
माझी बाही कोपरापर्यंत भिजली.
ऑफिसात कुणी नव्हतं. एका ओळीची फाईल केली,
माथ्यावर तारीख, आणि एक टीप:
पुढच्या वर्षी हा आकडा चालणार नाही. नदीवर जा.

चूक एकही नाही.
वॉर्निंग चौदा. त्या तशाच राहू दिल्या,
म्हाताऱ्या माणसाच्या कुरकुरीसारख्या.

प्रोग्रॅम म्हणतो, नऊ मे.
आर्मासनं गिरमिटाचं टोक अंगठ्यानं पुसलं,
पलीकडच्या स्वीडनच्या काठाकडे पाहिलं,
म्हणाला, बारा.
एक किलो कॉफीची पैज आहे.